विरारच्या वेशीवरचे दुहेरी इंजीन

वसई गावातल्या होळीपासून निघून तुम्ही वसई रोड स्टेशन गाठले, की तुमच्यासमोर दोन दिशा असतात. दक्षिणेकडे नायगाव, मग खाडीचे पूल, भाईंदर आणि पुढे मुंबई. उत्तरेकडे नालासोपारा, विरार आणि त्यापलीकडे वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर, डहाणू. रूळ सगळीकडे सारखेच, डोक्यावरची तारही सारखीच दिसते. तरीसुद्धा जवळजवळ चाळीस वर्षे या मार्गावर विरारच्या पुढे एक अदृश्य वेस होती. चर्चगेटहून आलेली लोकल ती वेस ओलांडू शकत नसे. पालघरच्या किंवा बोईसरच्या नोकरदाराला, विद्यार्थ्याला, भाजी घेऊन निघालेल्या बाईला विरारला उतरून दुसरी गाडी धरावी लागे.

ही वेस विजेची होती. तिच्या अलीकडे तारेत एका प्रकारची वीज वाहत होती आणि पलीकडे दुसऱ्या प्रकारची. ती ओलांडण्यासाठी आपल्या देशात खास दुहेरी इंजिने बांधली गेली. ती कशी चालत, ती का लागली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे आपण या लेखात पाहू.

दोन विजा कोठून आल्या?

विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी सुरू झाली ती १८६७ साली. तेव्हा अर्थातच ती वाफेच्या इंजिनाने ओढली जाई. भारतातली पहिली विजेची गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत, हार्बर मार्गावर. त्यानंतर जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेकडच्या बी. बी. सी. आय. रेल्वेने बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू केल्या आणि १९३६ साली त्या विरारपर्यंत आल्या.

या सर्व गाड्या १,५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर, म्हणजे डी.सी.वर चालत. या प्रवाहात वीज सतत एकाच दिशेने वाहते. त्या काळी ही निवड शहाणपणाची होती. आगगाडी जागची हलवायला सुरुवातीला फार मोठा जोर लागतो आणि डी.सी. मोटर तो जोर सहज देते. तेव्हा ए.सी.चे डी.सी.मध्ये रूपांतर करणारी यंत्रे अवजड होती, ती इंजिनात बसवणे कठीण होते. म्हणून ती रुळांच्या कडेला उपकेंद्रात ठेवायची आणि तारेत तयार डी.सी. सोडायची, अशी रीत पडली.

स्वातंत्र्यानंतर देशभर लांबच्या मार्गांवर वीज न्यायचा विचार सुरू झाला. तोपर्यंत तंत्र पुढे गेले होते. फ्रान्समध्ये २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर, म्हणजे ए.सी.वर, गाड्या उत्तम चालू लागल्या होत्या. या प्रवाहाची दिशा सारखी उलटसुलट होत असते, आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तने या वेगाने. भारतीय रेल्वेने १९५७ साली हीच पद्धत स्वीकारायचे ठरवले. त्याप्रमाणे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गुजरातकडून विरारपर्यंतचा मार्ग ए.सी.ने जोडला गेला. मुंबईची उपनगरी वाहतूक मात्र डी.सी.वरच राहिली. दोन्ही तारा विरारच्या पुढे समोरासमोर आल्या आणि वेस तयार झाली.

थोडे गणित

तुम्ही विचाराल, १,५०० व्होल्ट ठीक चालले असताना २५,००० व्होल्टचा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रातच आहे.

शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. समजा, एका गाडीला ३,००० किलोवॅट, म्हणजे ३० लाख वॅट शक्ती पुरवायची आहे. १,५०० व्होल्टने ती पुरवायची तर ३० लाखांना १,५०० ने भागा. तारेतून २,००० अँपिअर प्रवाह जायला हवा. २५,००० व्होल्टने पुरवायची तर केवळ १२० अँपिअर पुरतात.

आता तारेला थोडा रोध असतोच. हिशेबाच्या सोयीसाठी तो ०.२ ओहम धरू. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. पहिल्या बाबतीत २,००० चा वर्ग ४० लाख, त्याला ०.२ ने गुणले की ८ लाख वॅट! म्हणजे ३० लाखांपैकी ८ लाख वॅट तार तापवण्यातच गेले. दुसऱ्या बाबतीत १२० चा वर्ग १४,४००, गुणिले ०.२ म्हणजे २,८८० वॅट. ८ लाख कोठे आणि २,८८० कोठे! दाब साधारण १७ पट वाढवला, तर नुकसान सुमारे २७८ पटींनी घटले.

याच तारेत दाब किती पडतो तेही काढून पाहा. प्रवाह गुणिले रोध केले की डी.सी.त ४०० व्होल्ट आणि ए.सी.त फक्त २४ व्होल्ट येतात. १,५०० मधून ४०० गेले तर गाडी धापा टाकू लागेल. २५,००० मधून २४ गेले तर तिला कळणारही नाही. म्हणूनच डी.सी. मार्गावर थोड्याथोड्या किलोमीटरांवर उपकेंद्र उभारावे लागते आणि तारही जाड लागते. ए.सी. मार्गावर दोन उपकेंद्रांमध्ये साधारण पन्नास किलोमीटर अंतर चालू शकते आणि तार बारीक असली तरी भागते. प्रत्यक्षात ए.सी.च्या तारेत रोधाखेरीज आणखीही काही अडथळे असतात, पण मूळ मुद्दा त्याने बदलत नाही.

इंजिनाच्या पोटात काय असते?

२५,००० व्होल्ट थेट मोटरीला देता येत नाहीत. म्हणून ए.सी. इंजिनात एक मोठे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवलेले असते. ते दाब कमी करते. त्यानंतर एकदिशकारी, म्हणजे रेक्टिफायर, ए.सी.चे डी.सी. करतो आणि मग ती वीज मोटरींकडे जाते. रोहित्राला निरनिराळ्या जागी जोडण्या काढलेल्या असतात. ड्रायव्हर एकेक खाच पुढे सरकवतो, तसतसा मोटरीला अधिक दाब मिळतो आणि गाडी वेग घेते.

डी.सी. इंजिनात रोहित्राचा उपयोग नाही. तेथे वेग वाढवायची युक्ती वेगळी आहे. सहा मोटरींचे इंजीन घ्या. निघताना सहाही मोटरी एकामागोमाग, म्हणजे एकसरीत जोडल्या, तर १,५०० व्होल्ट सहांत वाटले जाऊन प्रत्येकीला २५० व्होल्ट मिळतात. मग तीन-तीनच्या दोन ओळी समांतर केल्या, की प्रत्येकीला ५०० व्होल्ट. शेवटी दोन-दोनच्या तीन ओळी केल्या, की प्रत्येकीला ७५० व्होल्ट. मधल्या टप्प्यांवर झटके बसू नयेत म्हणून मंडलात रोध घालतात आणि क्रमाक्रमाने काढून घेतात. हा रोध तापतो, म्हणजे थोडी वीज येथेही वाया जाते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. ए.सी.चे इंजीन चुकून डी.सी.च्या तारेखाली गेले तर काय होईल? दाब तर कमीच आहे, मग बिघडेल काय? वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

रोहित्रातल्या वेटोळ्यात ए.सी. सोडली, की चुंबकक्षेत्र सारखे बदलत राहते आणि त्यामुळे वेटोळ्यात विरोधी दाब निर्माण होतो. हा विरोधी दाबच प्रवाहाला आवर घालतो. डी.सी.मध्ये क्षेत्र स्थिर राहते, विरोधी दाब नाहीसा होतो आणि उरतो फक्त तांब्याच्या तारेचा अगदी किरकोळ रोध. मग प्रवाह बेसुमार वाढून वेटोळे जळू शकते. उलट, १,५०० व्होल्टसाठी तयार केलेल्या यंत्रणेवर २५,००० व्होल्ट आदळले, तर विद्युतरोधकच फुटून जातील. दोन्हीकडे धोका आहे. म्हणून वेशीवर चूक चालत नाही.

दोन्ही भाषा येणारे इंजीन

या वेशीवर करायचे काय? एक सरळ उपाय म्हणजे इंजीन बदलणे. डी.सी. इंजीन सोडायचे, ए.सी. इंजीन जोडायचे. मध्य रेल्वेवर इगतपुरीला ही सीमा होती आणि तेथे इंजिने बदलत. पण इंजीन बदलायला वेळ लागतो, फलाट अडून राहतो, मोकळ्या इंजिनांसाठी जास्तीचे रूळ लागतात. ज्या मार्गावर काही मिनिटांच्या अंतराने लोकल धावतात, तेथे अडलेला एक फलाट मागच्या कितीतरी गाड्या अडवतो.

दुसरा उपाय म्हणजे दोन्ही विजांवर चालणारे इंजीन. चित्तरंजनच्या कारखान्यात १९७५ पासून असे इंजीन तयार होऊ लागले. त्याचे नाव डब्ल्यूसीएएम-१. हे नाव म्हणजे एक सांकेतिक भाषा आहे. डब्ल्यू म्हणजे रुंदमापी रूळ, सी म्हणजे डी.सी., ए म्हणजे ए.सी. आणि एम म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही गाड्या ओढणारे. अशी ५३ इंजिने बांधली गेली. ए.सी.वर त्याची शक्ती ३,६४० अश्वशक्ती होती, डी.सी.वर मात्र २,९३०. एकाच इंजिनाचे हे दोन आकडे का, हे वरचे गणित ज्याने केले त्याला सांगायला नको. कमी दाबावर तेवढ्याच शक्तीसाठी फार मोठा प्रवाह लागतो आणि त्याला कोठेतरी मर्यादा घालावी लागते.

ही इंजिने मुंबई सेंट्रल आणि अहमदाबाद यांच्यामधल्या गाड्या ओढत. सूरत, वलसाड, वापीकडून रोज मुंबईला ये-जा करणाऱ्यांची लाडकी फ्लाइंग राणी त्यांच्यापैकीच. १९७९ च्या डिसेंबरात तिला दुमजली डबे जोडले गेले. सकाळच्या गर्दीत ही गाडी लोकलच्याच रुळांवरून, लोकलच्याच तारेखालून मुंबईत शिरे.

वेस ओलांडताना काय घडे?

विरार आणि वैतरणा यांच्यामध्ये तारेचा एक तुकडा निर्जीव ठेवलेला होता. त्याच्या एका बाजूला डी.सी., दुसऱ्या बाजूला ए.सी., मध्ये काहीच नाही. दोन विजांची गाठ पडू नये म्हणून ही मोकळी जागा.

गुजरातकडे निघालेली गाडी विरार सोडून पुढे आली, की कडेच्या पाट्या ड्रायव्हरला सावध करीत. तो मोटरींची वीज बंद करी, मुख्य खटका उघडी आणि तारेला टेकलेला पेंटोग्राफ खाली घेई. इंजिनातली जोडणी डी.सी.वरून ए.सी.वर बदलली जाई. निर्जीव भाग मागे पडला, की पेंटोग्राफ वर, खटका बंद आणि पुन्हा मोटरी सुरू.

एवढा वेळ गाडी कशाच्या जोरावर चाले? स्वतःच्या संवेगाच्या! ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. दहा सेकंद वीज नसली तरी ती १७० मीटर सहज घरंगळते. पोलादी रुळावर पोलादी चाक, त्यामुळे घर्षण फार थोडे. पण गाडी नेमकी याच जागी थांबली तर मात्र पंचाईत. डोक्यावर तार आहे आणि तारेत वीज नाही! मग दुसऱ्या इंजिनाने येऊन ढकलण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून अशा जागी गाडी थांबावी लागू नये, अशा बेताने सिग्नल ठेवावे लागतात.

जगात इतरत्र

शहराच्या तोंडाशी दोन पद्धतींची गाठ पडणे हे मुंबईचेच दुखणे नाही. लंडनमध्ये टेम्सलिंकच्या गाड्या उत्तरेकडे डोक्यावरच्या २५,००० व्होल्ट ए.सी. तारेवर आणि दक्षिणेकडे रुळाशेजारच्या ७५० व्होल्ट डी.सी. पट्टीवर चालतात. १९८८ पासून शहराच्या मध्यभागी फॅरिंग्डन स्थानकाशी हा बदल होतो. पॅरिसमध्येही आर.ई.आर. बी मार्गाच्या गाड्या गार द्यु नोर या गजबजलेल्या स्थानकाशी १,५०० व्होल्ट डी.सी. आणि २५,००० व्होल्ट ए.सी. यांची अदलाबदल करतात.

न्यूयॉर्कची गोष्ट याहून वेगळी आणि दुःखाची आहे. तेथे गाड्या भुयारातून ग्रँड सेंट्रल स्थानकात येत. ८ जानेवारी १९०२ रोजी धूर आणि वाफेने भरलेल्या भुयारात एका ड्रायव्हरला सिग्नल दिसला नाही, त्याची गाडी पुढच्या गाडीवर आदळली आणि पंधरा प्रवासी मेले. पुढच्याच वर्षी शहराच्या त्या भागात वाफेच्या इंजिनांना बंदी करणारा कायदा झाला. पुढे डिझेल इंजिने आली. पण भुयारात त्यांचाही धूर नकोच. म्हणून १९५६ ते १९६० या काळात एफएल-९ नावाची साठ इंजिने बांधली गेली. गावाकडे ती डिझेलवर चालत आणि भुयारात शिरताना शेजारच्या पट्टीतून वीज घेत. विरारला प्रश्न दोन विजांचा होता, न्यूयॉर्कला तेल आणि विजेचा. उत्तर मात्र एकच होते.

वेस कशी पुसली गेली?

दुहेरी इंजिने आली तरी लोकलचा प्रश्न सुटला नव्हता, कारण लोकल डी.सी.च्याच होत्या. मग मुंबईची सगळी तारच ए.सी. का करू नये? सांगायला सोपे, करायला महाकठीण. २५,००० व्होल्टची तार आणि वरचा पूल यांच्यामध्ये बरेच अधिक अंतर लागते. जुन्या बुटक्या पुलांखाली ते नव्हते. कोठे रूळ खाली घ्यावे लागणार होते, कोठे पूलच बदलावा लागणार होता. विद्युतरोधक बदलायचे, सिग्नल आणि टेलिफोनच्या तारांना ए.सी.चा उपद्रव होऊ नये म्हणून तजवीज करायची, आणि हे सगळे रोज लाखो माणसे प्रवास करीत असताना, रात्रीच्या थोड्या तासांत.

सर्वांत मोठी अडचण अशी, की तार एका रात्रीत बदलता येत नाही आणि गाड्याही एका रात्रीत बदलता येत नाहीत. अर्धा मार्ग ए.सी. झाला, तर डी.सी. लोकल तेथे जाणार कशी?

येथे दुहेरीपणा पुन्हा कामी आला. २००७ पासून दोन्ही विजांवर चालणाऱ्या नव्या लोकल येऊ लागल्या. त्या पुरेशा झाल्या, तसतशी विरारची वेस टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकवता आली. ५ फेब्रुवारी २०१२ रोजी ती चर्चगेटला पोचून नाहीशी झाली. मध्य रेल्वेवर हे काम आणखी काही वर्षे चालले. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर शेवटची डी.सी. लोकल धावली. ज्या मार्गावर १९२५ साली सुरुवात झाली होती, त्याच मार्गावर समाप्ती झाली.

याचा उपयोग पालघर-डहाणूच्या प्रवाशांना लवकरच दिसला. एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटहून डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली. आता विरारला गाडी बदलणे प्रत्येक वेळी गरजेचे राहिले नाही. अर्थात केवळ तार बदलल्याने सारे प्रश्न मिटत नाहीत. विरारच्या पुढे रूळ दोनच, त्यांवरून लांबच्या गाड्याही जाणार, मग लोकल वाढवायच्या कोठून? म्हणून तेथे आणखी दोन रूळ टाकण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. वीज, रूळ, सिग्नल, फलाट ही एका साखळीच्या कड्यांसारखी असतात. जी कडी सर्वांत कच्ची, तेवढीच साखळीची ताकद.

आणि ती दुहेरी इंजिने? वेस गेल्यावर त्यांच्या दुहेरीपणाचे काम संपले. डब्ल्यूसीएएम-१ निवृत्त झाली. १९९० नंतर भोपाळच्या कारखान्यातून आलेल्या त्यांच्या धाकट्या भावंडांना नुसत्या ए.सी.वर काम मिळाले. पण त्यांना वाया गेलेली यंत्रे समजू नका. दोन गावांच्या भाषा वेगळ्या असतील, तर एक भाषा रुजेपर्यंत दुभाष्या लागतो. चाळीस वर्षे मुंबई आणि गुजरात यांच्यात हे काम या यंत्रांनी केले. दुहेरीपणाची कल्पनाही संपलेली नाही. २०२० साली जबलपूरला ‘नवदूत’ नावाचे शंटिंगचे इंजीन तयार झाले. ते वरच्या तारेवरही चालते आणि तार नसेल तेथे बॅटरीवरही.

आता तुम्ही पाहा

ए.सी.च्या मार्गावरही एका उपकेंद्राचा भाग संपून दुसऱ्याचा सुरू होतो, तेथे तारेत असाच छोटा निर्जीव तुकडा असतो. दोन्ही बाजूंना ए.सी.च असते, पण त्यांच्या लाटा एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून त्यांना दूर ठेवतात. पुढच्या वेळी लोकलने जाल तेव्हा लक्ष ठेवा. धावत्या गाडीत मोटरींचा आवाज एकदम थांबतो, काही दिवे क्षणभर मालवतात आणि पुन्हा लागतात. त्या क्षणी गाडी केवळ संवेगावर चाललेली असते. घड्याळात सेकंद मोजा, वेगाचा अंदाज घ्या आणि तेवढ्या वेळात गाडी किती मीटर घरंगळली ते काढा. दाराशी उभे राहून नव्हे, आत बसून!

घरी आल्यावर वरचे गणितही पुन्हा करून बघा. ३,००० किलोवॅटच्या जागी ४,५०० किलोवॅट घ्या, रोध तोच ठेवा आणि १,५०० व्होल्टच्या तारेत दाब किती पडतो ते पाहा. विरारची वेस पुसणे का भाग होते, ते त्या एका आकड्यावरून तुमच्या ध्यानात येईल.